खोपीतलं पाणी

कागदावर मी घरी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दानं घडवलं. तपासणीच्या जीपमधल्या डॉक्टरांनी माझ्या नावापुढे ‘उपचार घरी’ असं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. मी तेव्हा चौथी शिकलेली, लग्नाला दुसरं वर्ष लागलेली सून. मनात म्हटलं, चला, निदान घरी तर ठेवतायत. कसलं घर आणि कसलं काय!

माझं सासर पौडच्या वरच्या अंगाला, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढं भाताची खाचरं, मागं डोंगर, मधून ओढा. माहेर धरणाच्या पाण्यापल्याड. होडीनं पाणी ओलांडायचं आणि मग चढण चढायची. त्या साली भातकापणीला मला खोकला लागला, तो काही केल्या सुटेना. एक दिवस विळा हातात असतानाच ढास लागली आणि पेंढीवर लाल ठिपके पडले. सासूबाई शेजारीच कापत होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो.  ती पेंढी त्यांनी बाजूला काढली आणि बांधावर नेऊन जाळली. खायचं भात त्यांनी जाळलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आत्याबाई दुष्ट नव्हत्या. त्यांच्या पाठची बहीण याच खोकल्यानं गेली होती, आणि घरात माझे दोन लहान दीर होते. भ्यायलेलं माणूस कसं वागतं ते मी नंतर खूप पाहिलं. पण तेव्हा मला त्यांचा राग यायचा, आणि खोटं कशाला बोलू, आठवलं की आजही येतो.

दिवाळी झाल्यावर शाळेपुढे छातीचा फोटो काढणारी मोठी गाडी आली. तिच्यामागे जीप, जीपमध्ये एक तरुण डॉक्टर आणि एक नर्सबाई. फोटोत माझ्या छातीवर डाग निघाला. डॉक्टरांनी आम्हाला शाळेच्या ओट्यावर बसवून नीट समजावलं, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. म्हणाले, क्षयावर नवीन गोळ्या निघाल्यात. शहरातल्या दवाखान्यात खाटा थोड्या आणि आजारी माणसं उदंड. म्हणून आम्हाला पाहायचंय, की खाटेवर ठेवून गोळ्या दिलेला माणूस आणि घरी राहून गोळ्या खाल्लेला माणूस, दोघं सारखेच बरे होतात का. कुणाला खाट आणि कुणाला घर, हे आम्ही ठरवत नाही, बंद पाकीट ठरवतं.

आमच्या यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एवढंच विचारलं, “म्हंजी हिला बरं व्हायची गोळी मिळंल का न्हाई?”

“मिळेल.”

“मंग करा काय करायचं त्ये.”

पाकीट फोडलं, त्यात ‘घरी’ निघालं. सही पाहिजे म्हणाले. मला सही येत होती, चांगली वळणदार येत होती. सही यांची घेतली.

मग डॉक्टरांनी आत्याबाईंना सांगितलं, हिची ताटवाटी वेगळी ठेवा, लहान पोरांना हिच्याजवळ झोपवू नका आणि हिला मोकळी हवा मिळू द्या. डॉक्टरांच्या मनात खिडकीची खोली असणार. आमच्या घराला खिडकी होती कुठं? माजघरात भरदुपारी चिमणी लावल्याशिवाय गहू निवडता येत नसत. आत्याबाईंनी मोकळ्या हवेचा त्यांना सुचला तो अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी माझी वाकळ, एक ताटली, एक पेला आणि पाण्याचं मडकं ओढ्यापल्याडच्या खोपीत गेलं. त्यांच्या मागोमाग मी गेले.

खोप म्हणजे रानडुकरं राखायला माणूस बसतो ती. कुडाच्या भिंती, वर पेंढा, वाकून आत जायचं आणि आत गेल्यावरही वाकूनच राहायचं. दाराला दार नव्हतं. त्या भोकातून रस्ता दिसायचा आणि होडीकडं जाणारी पायवाटही. हा खरा छळ होता. भिंत दिसली असती तर मी भिंतीकडे पाहिलं असतं. मला रोज माहेरची वाट दिसायची, आणि तिच्यावरून दुसऱ्याच बाया जायच्या.

दारापुढं एक सपाट दगड होता. आत्याबाई त्यावर भाकरी-कालवण ठेवायच्या, मागं सरायच्या आणि मग हाक द्यायच्या, “ए पोरी, ठिवलंय गं!” हे संध्याकाळी पलीकडच्या काठावर येऊन बसायचे. मधून ओढा वाहायचा, आम्ही दोघं ओरडून बोलायचो. नवराबायकोनं ओरडून काय बोलायचं? “म्हस याली.” “बरं झालं.” “गोळी खाल्ली?” “खाल्ली.” झाला आमचा संसार.

जीप आठवड्याला एकदा यायची. तिचे नियम होते. गाव सोडून जायचं नाही. दुसऱ्या कुणाचं औषध घ्यायचं नाही, अगदी झाडपाल्याचंही नाही. गोळ्या आठवड्यापुरत्याच मिळणार. सोबत कडू पुड्या असायच्या, त्या घशाखाली उतरल्या की पोट ढवळून वर यायचं. खरंच खाते की फेकून देते, हे पाहायला नर्सबाई मधल्याच एखाद्या दिवशी न सांगता उगवायच्या आणि लघवीची बाटली पुढं करायच्या. ती बाटली जीपमधून पुण्याला जायची. आमच्या घरातलं तोवर कुणी पुणं पाहिलं नव्हतं. पहिला मान माझ्या लघवीला मिळाला. हे मी एकदा काठावरून यांना ओरडून सांगितलं, तेव्हा हे इतके हसले की आत्याबाई घरातून बाहेर आल्या.

गावात मला कुणी नावानं ओळखेना. मी ‘जीपची’ झाले. “ती जीपची हितंच ऱ्हाती,” असं पोरं पाहुण्यांना दाखवायची.

थंडी सरता सरता नर्सबाईंनी एकदा माझ्याकडं निरखून पाहिलं आणि विचारलं, “अगं, तुझी पाळी कधी चुकली?” मी सांगितलं, दिवाळीलाच. पुड्यांनी मळमळतंय असं मी समजत होते, आणि मळमळ दोन्हीकडून होती. पुढच्या खेपेला डॉक्टर आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

“हे सुरुवातीला सांगायला हवं होतं,” ते म्हणाले.

मला असा संताप आला! “तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही खोक म्हणालात, मी खोकले. थुंक म्हणालात, थुंकले. हे कुणी विचारलंच नाही.”

 ते हळू आवाजात म्हणाले, की वरिष्ठांना विचारून तुला गोळ्या चालू ठेवतोय, त्यानं पोराला धोका नाही. मी विचारलं, आणि बाळंतपण? ते म्हणाले, “ते आमच्या कामात नाही. आम्ही छातीचे. बाळंतपणासाठी तू तुझ्या नेहमीच्या दवाखान्यात जा.”

नेहमीच्या! मी जन्मात दवाखान्याची पायरी चढले नव्हते. तरी यांनी बैलगाडी जुंपली आणि एका दवाखान्यात नेलं. कुठला ते सांगत नाही, तिथली माणसं आता नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी माझं नाव-गाव ऐकलं, छातीचं ऐकलं आणि हातातली नळी टेबलावर ठेवून दिली. “जीपवाल्यांची पेशंट का? मग त्यांनाच विचारा. त्यांच्या औषधात आम्ही हात घालत नाही. आणि खोकल्याची बाई मी बाळंतिणींच्यात कुठं ठेवू?” परत येताना यांनी कासरा सैल सोडला होता. बैल तेवढे आपले चालत होते.

गावची सुईण होती, ती खोपीत पाऊल टाकायला तयार नव्हती. तिचंही खरं, तिला घरोघरी तान्ह्या पोरांना हात लावायचे. राहिलं माहेर. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असतं, आणि माझी आई पल्याडच्या चार गावांची सुईण. तिच्या हातून पोर दगावल्याचं कुणी सांगत नसे. मी डॉक्टरांच्या हातापाया पडले. म्हटलं, दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, मी आईकडं जाऊन येते. ते म्हणाले, “तशा देता येत नाहीत. तू खाल्ल्यास की नाही हे आम्हाला कसं कळणार? आणि पाण्यापल्याड जीप जात नाही. तू गेलीस तर तुझं नाव कमी करावं लागेल. मग गोळ्या बंद. मधेच बंद झाल्या तर आजार उलटतो, हे लक्षात ठेव.”

म्हणजे बघा. इथं राहावं तर बाळंतपणात मरायचं, तिथं जावं तर छातीनं मरायचं. त्या रात्री झोप कसली लागते? पोटातलं पोर नुकतं हलायला लागलं होतं. मी त्याला म्हटलं, बाबा, तू तरी कशाला आलास या खोपीत अडकायला.

होडीवाल्याबरोबर मी आईला निरोप धाडला. ती आली. ऊन तापायला लागलं होतं, आई चालत आली, काखेत गाठोडं आणि हातात स्वतःचा पाण्यानं भरलेला तांब्या. आमच्यात रीत अशी, की लेकीला मूल होईतो आईबापानं लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. अन्न तर नाहीच नाही. पुष्कळ घरांत ही रीत नावापुरती राहिली होती. आई मात्र काटेकोर पाळायची. माझ्या लग्नानंतर ती दोनदा आली आणि दोन्ही वेळा उन्हाची कोरड्या घशानं परत गेली.

आई आधी घराच्या अंगणात उभी राहिली. आत्याबाईंनी रीतीप्रमाणं पाण्याला विचारलं, आईनं रीतीप्रमाणं हात जोडले. मग म्हणाली, “इहीणबाई, लेक न्यायला आलीया.”

“न्या की,” आत्याबाई म्हणाल्या, “माजी कुटं ना हाय?”

तेवढ्यात यांनी गोळ्यांचं सांगितलं. आई ऐकत राहिली. तिला सगळं कळलं असेल असं नाही, पण हलवली तर मरेल, एवढं कळलं. “मंग मीच ऱ्हाते हितं, तिचं उरकस्तवर.”

“ऱ्हाशील कशी?” आत्याबाई म्हणाल्या. “लेकीच्या घरचं पानी तुला चालत न्हाई. तांब्यावर किती दिस काढशील?” टोमणा नव्हता तो, खरीच अडचण होती. इतके महिने कुणी दुसऱ्याच्या घरी पाणी मागत फिरणार का? आणि रीत मोडली तर पहिल्या पोराला बाधतं, अशी आईची समजूत. माझं पोर वाचवायला आलेली बाई त्याच पोराच्या भीतीनं राहू शकत नव्हती. मी हे सगळं ओढ्याच्या पल्याड उभी राहून ऐकत होते, आणि मला वाटलं, संपलं. आता ही जाणार.

आई ओढा ओलांडून माझ्याकडं आली. तिनं खोप आतून पाहिली, बाहेरून पाहिली. दगडावर सकाळची भाकरीची ताटली पडली होती, मुंग्या लागलेली. “ह्ये काय?” तिनं विचारलं. मी सांगितलं, भाकरी इथं ठेवतात. ती त्या दगडाशेजारी खाली बसली.  मी तिच्या तोंडाकडं बघत होते, ती रडेल असं मला वाटत होतं. ती उठली, वाकून आत गेली, माझ्या मडक्यातलं पाणी माझ्याच पेल्यात ओतलं, बाहेर आली आणि पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या आत्याबाईंच्या देखत घटाघटा प्याली.

“अगं बया बया!” आत्याबाईंनी कानाला हात लावले. “इहीणबाई, काय केलंस ह्ये! लेकीच्या घरचं—”

“घर?” आईचा आवाज त्या काठापर्यंत काय, डोंगरापर्यंत गेला असेल. “ह्ये घर हाय व्हय तुमचं? घरातनं तर तुमी तिला भाईर काढलीया. ह्ये रान हाय. रानात पानी प्यायाला कुणाची मनाई हाय मला?”

 आत्याबाई पदर सावरून घराकडं वळल्या. मी आईला मिठी मारायला पुढं झाले आणि खोकला होईल म्हणून मागं सरले. तिनंच मला ओढून घेतलं. कितीतरी महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता. मी गुरासारखी रडले.

आई राहिली. खोपीच्या दारात तीन दगडांची चूल मांडली. भाकरी दगडावर यायची बंद झाली. आता आत्याबाई पीठ आणून ठेवायच्या आणि मान खाली घालून जायच्या. खोप तेवढीच होती, वाकायचं तसंच, पण आत दोघी वाकायचो. आईला डॉक्टर आवडायचे. ती त्यांना “पोरा” म्हणायची आणि बजावायची, “थुंकी बगतोस, तसं तिचं प्वाटबी बग की रं.” डॉक्टर कानकोंडे व्हायचे. माझी थुंकी आता स्वच्छ येते, हे त्यांनीच आनंदानं सांगितलं. पोट मात्र त्यांनी पाहिलं नाही. नर्सबाई पाहायच्या, जीप सुटायच्या आधी, डॉक्टरांकडं पाठ करून.

दिवस भरले तेव्हा आषाढ कोसळत होता. ओढा दुथडी भरला होता, खोप आणि गाव यांच्यात लाल पाणी. मला पहाटेपासून कळा सुरू झाल्या आणि उजाडल्यावर मुलगी झाली. आईनं नाळ कापली, पोरगी रडली, सगळं बरं झालं. आणि मग वार पडेना. रक्त थांबेना. आईनं पोट चोळलं, माझी वेणी माझ्याच तोंडात घालून उबळ आणवून पाहिली, तिला येत होतं ते सगळं केलं. मग तिचे हात थांबले. आईचे हात थांबलेले मी तोवर कधी पाहिले नव्हते, म्हणून मला कळलं की मी चालले.

तो जीपचा दिवस होता. पलीकडच्या काठावर भोंगा वाजला. आई भर पावसात बाहेर धावली. “पोरा!” ती ओरडली. “लेक चाललीया माजी! रगात थांबंना!” मला आतून डॉक्टरांचा आवाज ऐकू आला. ते यांना सांगत होते, की माझ्याकडं काही नाही हो, थुंकीच्या डब्या आणि गोळ्या आहेत फक्त, ते आमचं काम नाही, तिला मोठ्या दवाखान्यात न्या. मोठ्या दवाखान्यात! ओढ्यावरून! तेवढ्यात यांचाच ओरडा ऐकू आला, “बाई, थांबा, धरतो!” नर्सबाईंनी कासोटा मारून पाण्यात उडी घातली होती. हे त्यांना धरून घेऊन आले. त्यांच्यामागून चष्मा खिशात घालून डॉक्टरही आले, छातीएवढ्या पाण्यातून.

नर्सबाई सुईणकाम शिकलेल्या होत्या. जीपवर आल्यापासून त्यांना ते करायची परवानगी नव्हती. त्यांनी साबण मागितला, हात कोपरापर्यंत धुतले, आईला माझे खांदे धरायला सांगितलं आणि हात घालून वार काढली. दुखलं किती ते सांगत नाही. ज्यांना सोसावं लागलंय त्यांना ठाऊक आहे. डॉक्टर चुलीपुढं उकिडवे बसून पाणी तापवत होते आणि ओलं लाकूड फुंकून फुंकून रडवेले झाले होते. दुपारपर्यंत रक्त थांबलं.

निघताना डॉक्टर म्हणाले, “हे नियमात नाही. हे मी कुठंच लिहिणार नाही.” आईनं त्यांना पाण्याचा पेला पुढं केला. त्यांनी पेल्याकडं पाहिलं, माझ्या मडक्याकडं पाहिलं आणि नको म्हणाले. ते गेल्यावर आई हसली. “त्याला म्हाईत हाय आत काय हाय त्ये,” म्हणाली आणि तोच पेला स्वतः पिऊन टाकला.

नात झाल्यावर रीत संपली. आत्याबाईंनी बारशाला घरी बोलावलं, पाण्याचा तांब्या पुढं केला. आई गोड बोलून म्हणाली, “माजं पिऊन झालंय, इहीणबाई.” आत्याबाईंचं तोंड एवढंसं झालं. मला तेव्हा आनंदच झाला.

वर्ष संपलं आणि जीप शेवटची आली. डॉक्टरांनी नवा फोटो उजेडात धरून दाखवला. डाग गेला होता. इतका आनंदलेला माणूस मी क्वचित पाहिला. म्हणाले, “बघ, घरी राहून तू पूर्ण बरी झालीस. तुझ्यासारख्या पुष्कळजणी झाल्या. आता गरिबाला खाटेची वाट बघत मरावं लागणार नाही.” ते खोटं नव्हतं. पुढं काही वर्षांनी त्याच गोळ्या दवाखान्यातून घरी न्यायला मिळू लागल्या, आणि किती संसार वाचले. मी ते नाकारत नाही.

पण ते बोलत होते तेव्हा आई चुलीपाशी खोकत होती. भातकापणीपासूनच खोकत होती आणि धुराचा खोकला म्हणत होती. मी म्हटलं, “डॉक्टर, हिची थुंकी बघा.”

त्यांचा चेहरा पडला. नवीन पेशंट घेणं बंद झालंय, म्हणाले. आणि हिचा पत्ता पल्याडचा, तो भाग आमच्याकडं नव्हताच. मी चिठ्ठी देतो, शहरातल्या दवाखान्यात खाटेसाठी नंबर लावा.

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. “माझी लघवीसुद्धा बाटलीत भरून पुण्याला नेलीत, आणि हिची थुंकी तुम्हाला नको? मी जगले ती हिच्यामुळं. तुमचं काम झालं ते हिच्यामुळं. मी इथून गेले असते तर तुमचा कागद कोरा राहिला असता!”  नर्सबाईंनी एक डबी काढून आईपुढं धरली.

आठवड्यानं डॉक्टर एसटीनं एकटेच आले, जीप नव्हती. आईच्या थुंकीत आजार निघाला होता. म्हणाले, “तुझ्यापासून नसेल. ती आली तेव्हा तुझी थुंकी जवळजवळ स्वच्छ होती. आणि पाण्यातून हा पसरत नाही.” मी मान हलवली. मी ते मानलं नाही, आजही मनापासून मानत नाही. त्यांनी जवळच्या थोड्या गोळ्या आणल्या होत्या. परवडल्या तेवढ्या हे पुण्याच्या दुकानातून विकतही घेऊन आले. वर्षभर खायचं औषध महिन्या-दीड महिन्यात संपलं. खाटेचा नंबर लागला नाही.

आईनं गाठोडं बांधलं. मी घरी परत जायची होते, पोरीला घेऊन. आई म्हणाली, मी पल्याड जाते, माझ्यापायी तुमच्या घरात पुन्हा हे नको. मी तिचं गाठोडं सोडायची, ती बांधायची. मला काही सुचत नव्हतं. पोरीला जपू, की आईला जपू? मी बरी झाले होते आणि त्या खोपीत पहिल्यापेक्षा जास्त अडकले होते.

तेवढ्यात दारातला उजेड गेला. आत्याबाई वाकून आत आल्या होत्या. वर्षभरात पहिल्यांदा. त्यांनी आईच्या हातातलं गाठोडं ओढून घेतलं आणि चालायला लागल्या. “कुटं निगालीस? माज्या घरात ऱ्हायचं. बास झालं ह्ये रान.”

घरी गेलो तर हे कुदळीनं माजघराची भिंत फोडत होते. आत्याबाईंनीच सांगितलं होतं. “मोकळी हवा पायजे म्हनला हुता न्हवं त्यो डागदर,” त्या म्हणाल्या. भिंतीला हे एवढं भगदाड पडलं होतं आणि त्यातून आमच्या माजघरात पहिल्यांदा ऊन आलं होतं. दोन्ही दिरांनी आणि पोरीला घेऊन मी पडवीत झोपायचं ठरलं. आईची वाकळ उन्हाच्या तुकड्यात घातली होती.

आई बसली. आत्याबाईंनी घरच्या तांब्यात पाणी आणलं, लांब ठेवलं नाही, हातात दिलं.

आईनं तांब्या धरला आणि वर पाहिलं. “इहीणबाई, ह्ये घर हाय का रान?”

“घर हाय,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि आवाज नेहमीसारखाच खेकसणारा होता. “लेकीचं घर हाय तुज्या. पी गपगुमान.”

आई प्याली.

शिमग्याच्या आधी ती गेली, त्याच माजघरात. जीपच्या कागदांत मी घरी राहून बरी झालेली आहे. आई कुठल्याच कागदात नाही. भिंतीतलं ते भगदाड आम्ही बुजवलं नाही. पुढं त्याला गज बसवून घेतले.